साखर ज्याची त्याची

गोदूला स्वस्थ बसणं जमतच नसे. कुणाच्या बारशाला गेली, हातावर साखर पडली, की बाकीच्या बायका ती तोंडात टाकून पाळण्याकडे वळायच्या. गोदू मात्र ती चिमटीत चोळत उभी. डोळ्यांजवळ नेऊन बघणार, एकच दाणा दाताखाली फोडणार आणि घरच्या बाईला तोंडावर सांगणार, की ही साखर ओलीला ठेवलीत, डबा बदला. रेवदंड्यातल्या बायका तिला मनापासून बोलवायच्या आणि ती गेली की तितक्याच मनापासून हुश्श करायच्या.

तिचं माहेर रेवसच्या खाडीकडचं, मिठागरातलं. बाप कोंडाजी जन्मभर मिठाच्या वाफ्यांत पाय घालून उभा राहिलेला माणूस. मीठ पिकवायचं म्हणजे वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हावर सोडायचं आणि मग हात आवरून बसायचं. पाणी निवांत राहिलं तर दाणा टपोरा धरतो, सारखं हलवलं तर बारीक पडतो. हे गोदूला सहाव्या-सातव्या वर्षीच तोंडपाठ होतं आणि तरीही तिच्या वाट्याच्या वाफ्यातलं मीठ दरसाल बारीक निघायचं. सकाळपासून ती तिथं फेऱ्या घालायची, दाणा धरला का बघायची आणि बघता बघता पाण्यात फळी फिरवून यायची. व्यापारी नाक मुरडायचा. कोंडाजी कपाळाला हात लावून म्हणायचा, की या पोरीचे हात लग्नापर्यंत बांधून ठेवायला पायजेत.

लग्न झालं ते काळूरामाशी. हा रेवदंड्याचा, पण माझगावच्या एका बेकरीत भट्टीवर कामाला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी तो रेवसला लाँचमधून उतरला तो गाठोडं घेऊनच, आणि मुंबईचं पाणी मानवत नाही असं सांगून गावीच राहिला. खरं सांगायचं तर त्याला मालकाची बोलणी मानवत नव्हती. वडिलोपार्जित जागेच्या एका अंगाला त्यानं विटांची घुमटाची भट्टी बांधली. जागेत धाकटा भाऊ दादू याचाही अर्धा हिस्सा होता, पण दादू तेव्हा मासळीच्या धंद्यात नवा नवा शिरला होता आणि भावाला नाही म्हणण्याइतका मोठा झाला नव्हता.

काळूराम हा गोदूच्या अगदी उलट. शांत, जरा आळशी म्हणावं इतका शांत. भट्टीचं काम तसंच असतं म्हणा. सकाळी सुरूची लाकडं पेटवायची, भट्टीचा तळ तापला की निखारे कडेला ओढायचे, ओल्या गोणपाटानं तळ पुसायचा आणि कडक आगीला पाव लावायचे. पाव निघाले की आग उतरण्याची वाट बघायची. चिमूटभर मैदा तळावर टाकायचा. तो टाकताक्षणी काळा झाला तर अजून थांबायचं, हळूहळू बदामी झाला तर नानकटाईचे पत्रे आत सारायचे. या थांबण्यातच गोदूचा जीव जायचा. ती दर दोन मिनिटांनी भट्टीचं झाकण उघडून बघायची आणि होती ती आग घालवायची. शेवटी काळूरामानं तिला भट्टीच्या तोंडापासून उठवलं आणि साखरेपाशी बसवलं. तिथं चाळायचं, दळायचं, चोळायचं, हवा तेवढा चाळा.

आणि तिथं मात्र गोदू रमली. मिठाचा दाणा ओळखणारे हात ते, साखरेला किती वेळ लागणार? कारखान्याची टपोरी साखर तशीच घातली तर ती तुपाशी मिळून येत नाही, गुमान बसून राहते आणि भट्टीत गेल्यावर एकदम पाघळते. मग नानकटाई पत्र्यावर सैल पसरते आणि अंगावर रुंद चिरा पडतात, हे तिनं चार पत्रे फुकट घालवून शिकून घेतलं. तीच साखर जात्यावर दळून, फडक्यातून गाळून तुपात फेसली की तूप पांढरंशुभ्र होतं, नानकटाई जिथल्या तिथं फुगते आणि जिभेवर ठेवली की विरते. खांडसरीची तऱ्हा वेगळी. ती तांबूस, दमट, तिच्यात उसाच्या रसाचा मळ राहिलेला. ती रंग लवकर धरते, म्हणून तिचा पत्रा सगळ्यांत शेवटी, उतरत्या आगीला. पण तिची नानकटाई आठ आठ दिवस नरम राहते आणि हाताळली तरी तुटत नाही. गूळ घालून बघितला तर गार झाल्यावर दगड. कोर्लईहून नाताळाच्या आधी एक म्हातारी ख्रिस्ती बाई केक भाजून घ्यायला यायची, ती साखर कढईत जाळून काळी करायची, धूर निघेपर्यंत, आणि त्यात पाणी ओतून तो काळा पाक केकमध्ये घालायची. गोदूनं तो बोटानं चाटला. कडू होता, पण केकमध्ये कडू लागला नाही. पुढचे चार दिवस ती घरातली साखर जाळत होती आणि काळूराम बिनसाखरेचा चहा पीत होता.

दिवाळी हा भट्टीचा खरा हंगाम. तेव्हा विकतची नानकटाई घेणं कमीपणाचं समजत. प्रत्येक घर आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर आदल्या दिवशी भट्टीवर आणून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपला डबा भरून न्यायचं. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाच्या नानकटाईवर चारोळी, कुणाच्यावर लवंग, कुणाच्यावर बांगडीच्या कडेचा ठसा. काळूराम होता तोवर कधी कुणी डबा मोजून घेतला नाही की कुणी संशय घेतला नाही.

पुढे काळूरामाच्या छातीत बरीच वर्षं साठलेला मैदा अखेर त्याला घेऊन गेला. पहिल्या दिवाळीला भट्टी बंदच होती. दुसऱ्या दिवाळीला गोदूनं ती पेटवली आणि तिथंच घात झाला. येसूबाई म्हणजे गावातलं नारळीच्या मोठ्या वाडीवालं घर. तिच्या सुनेनं साखर जाडीभरडी दळून दिली होती आणि गोदूनं घाईत ती तशीच मळली. येसूबाईची नानकटाई पत्र्यावर भाकरीसारखी पसरली आणि शेजारी कमळ नावाच्या कोळणीची मात्र नीट फुगलेली निघाली. येसूबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, की माझं तूप कुणाच्या पिठात गेलं. आता इथं दुसरी कुणी असती तर हात जोडून गप्प बसली असती. गोदूनं सुनेच्या दळणाचा उद्धार केला. साखर कशी दळावी यावर तिनं तिथंच उभ्याउभ्या येसूबाईला चांगलं व्याख्यान दिलं आणि ते शब्द न् शब्द खरं होतं, म्हणूनच ते कधी माफ झालं नाही.

वर्षभर त्याची चर्चा राहिली. बाईमाणसाच्या हाती भट्टी म्हणजे अशीच, असं लोक बोलू लागले. पावाची गिऱ्हाइकंही पातळ झाली. दादू आता मासळीच्या धंद्यात चांगला रुजला होता. त्याला त्या जागेवर बर्फाची वखार घालायची होती. माणूस वाईट नव्हता. त्यानं वहिनीला सरळ येऊन सांगितलं.

"वैनी, ही दिवाळी बघ. येसूबाईचं घर भट्टीवर आलं नि डबा घेऊन हसत गेलं, तर भट्टी तुजी. मी पुन्ना नाव काढनार न्हाय. पण न्हाय झालं तर मानसं आनून मोडतो."

गोदूनं होय म्हटलं. तिच्यापाशी दुसरं होतं काय? बर्फाच्या वखारीशेजारी दिराच्या घरात तांदूळ निवडत बसायचं, या विचारानंच तिच्या पायांना मुंग्या यायच्या. भट्टी मोडली तर ती वेडी होईल, हे तिला स्वच्छ कळत होतं.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही दिवाळी. साखर पुन्हा रेशनवर आलेली. वाण्याकडे कधी असायची, कधी नसायची, आणि ज्याला जी मिळाली ती त्यानं जपून ठेवलेली. गोदू आठ दिवस आधी येसूबाईच्या दारात गेली, मागच्या साली माझं चुकलं म्हणाली, आणि हे म्हणताना तिला जेवढा त्रास झाला तेवढा भट्टी बांधताना काळूरामालाही झाला नसेल. येसूबाईची मुलगी त्याच वर्षी दिली होती, जावई पहिल्या दिवाळसणाला यायचा होता. येसूबाईनं बराच वेळ तिला उभं ठेवलं आणि मग पाठवते म्हणाली.

येसूबाईचं घर येणार म्हटल्यावर सगळी आळी आली. आदल्या दिवशी दुपारपर्यंत भट्टीच्या ओट्यावर पुड्या, डबे, वाडगे यांची रांग लागली. गोदूनं एकेक पुडी उघडली. दोन पुड्या एकसारख्या नव्हत्या. एकीत रेशनची टपोरी पिवळट साखर, एकीत बारीक चुरा, एकीत ओल धरून ढेकूळ झालेली, एकीत अर्धी साखर अर्धा गुळाचा भुगा. कमळनं नेहमीसारखी तांबूस खांडसरी दिली होती. आणि येसूबाईकडून आली होती ती चक्क खडीसाखर, मोठमोठे खडे.

गोदू ओट्यासमोर येरझाऱ्या घालू लागली. एवढ्या तऱ्हेच्या साखरा, म्हणजे एवढ्या तऱ्हेचे पत्रे. एक फुगणार, एक पसरणार, एक काळा पडणार. उद्या बायका डबे शेजारी शेजारी ठेवून बघणार आणि मागच्या सालचं रामायण पुन्हा सुरू होणार. काळूराम असता तर म्हणाला असता, ज्याची त्याची साखर, ज्याचं त्याचं नशीब, आणि बिडी ओढत बसला असता. गोदू बसणारी नव्हती. ती ओट्यापर्यंत जायची, पुडीत बोटं घालायची, परत फिरायची. परत जायची.

मग तिचे हात सुटले. तिनं खांडसरी सुपात पसरून आश्विनातल्या कडक उन्हात वाळवली. खडीसाखर खलबत्त्यात कुटली, ढेकळं फोडली, गुळाचा भुगाही वाळवला, आणि सगळं मिळून जात्यावर दळलं. दळलेलं फडक्यातून गाळलं, पुन्हा दळलं, पुन्हा गाळलं. उन्हं कलली तेव्हा तिच्यासमोर परातभर मऊसूत, किंचित बदामी पिठीसाखर होती, आणि इतकी सुरेख साखर तिनं जन्मात पाहिली नव्हती. ज्यानं जेवढी दिली तेवढी तोलून तिनं ज्याच्या त्याच्या मैद्याशेजारी ठेवली. कुणाला रतीभर कमी नाही. यात काही वावगं झालं असं तिच्या मनालाही शिवलं नाही. उलट सगळ्यांचं भलं केलं अशाच समजुतीत ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पत्रे निघाले ते पाहण्यासारखे. सगळ्या घरांची नानकटाई एकसारखी गोल, एका रंगाची, वर केसासारखी बारीक नक्षीदार चीर. चारोळी, लवंग, बांगडीचा ठसा एवढाच काय तो फरक. अंगणात बायका जमल्या. येसूबाईनं आपल्या डब्यातली एक उचलून तोंडात टाकली आणि तिचा चेहरा सैलावला. दादू कुंपणापाशी उभा राहून बघत होता, त्याच्याकडे वळून ती म्हणाली, की काळूरामाच्या हातचीही अशी कधी खाल्ली नव्हती. दादूनं मान हलवली. भट्टी राहिली होती.

कमळ तेवढ्यात बाजारातून आली, रिकामी टोपली काखेला लावून. तिनं डब्यातली एक नानकटाई हातात घेतली, खाल्ली नाही, नुसती दोन बोटांत दाबली. तिचा भुगा झाला.

"ही माजी साखर न्हाय," कमळ म्हणाली.

बायका हसल्या. कमळ हट्टाला पेटली. ही होडीवर न्यायची असते, म्हणाली. नवरा आठ आठ दिवस समुद्रात असतो, हेलकाव्यात असल्या नानकटाईचं पीठ होऊन जाईल, म्हणून तर ती मुद्दाम खांडसरी देते, दरसाल देते. येसूबाई म्हणाली की अगं, तुझ्या त्या काळ्या साखरेपेक्षा चांगली निघाली आहे, घेऊन जा गुमान. आणखी कुणी म्हणालं, मासळी पारखायला कमळ, साखर पारखायला कुठनं शिकली. पुन्हा हसणं झालं. कमळनं कुणाकडे बघितलं नाही. ती गोदूकडेच बघत राहिली, आणि तिची नजर काही आरोप करत नव्हती, नुसती विचारत होती.

गोदूनं गप्प बसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. दादू कुंपणापाशी होता, येसूबाई हसत होती, डबे भरलेले होते. आणखी घटकाभर तोंड मिटून ठेवलं असतं तर सगळं निभावलं असतं. तिनं पदर तोंडाशी धरला, भट्टीकडे वळली, उगाच एक पत्रा पुसला, पुन्हा वळली. पाठीमागे कुणीतरी म्हणत होतं, साखर म्हणजे साखर, तिच्यात काय एवढा फरक. हे वाक्य गोदूच्या कानात गेलं आणि मग काही इलाज राहिला नाही. साखरेबद्दल खोटं बोललेलं तिनं आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"ती बरोबर बोलते," गोदू म्हणाली. "खांडसरी होती तिची. मी सगळ्यांची एकत्र दळली."

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं. अंगणातला आवाज खालून वर चढत गेला. कुणाची चांगली साखर कुणाच्या गुळाच्या भुग्यात गेली, कुणाच्या घरचं कुणाच्या पोटात गेलं, कुणी सोवळ्यातली दिली होती, कुणी नाही. सणासुदीला एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या बायका एकमेकींच्या पुड्या काढू लागल्या. येसूबाई तेवढी ओरडली नाही. तिनं खाली बसून डब्याचं झाकण लावलं, डबा गोदूच्या पायापाशी सरकवला आणि हळू आवाजात सांगितलं, की ती खडीसाखर मुलीच्या साखरपुड्याची होती. सासरच्यांनी मुलीच्या हातावर ठेवलेली. तेवढी पुडी तिनं रेशनच्या सगळ्या ओढाताणीत हात न लावता ठेवली होती, जावयाच्या पहिल्या दिवाळीसाठी.

गोदूला त्या खड्यांत फक्त खडे दिसले होते. कुटायला किती वेळ लागेल एवढंच तिनं बघितलं होतं. येसूबाई गेली, तिच्यामागं बाकीच्या गेल्या, काही डबे घेऊन, काही न घेता. दादूनं उद्या माणसं आणतो म्हणून सांगितलं, आणि सांगताना त्याला बरं वाटत नव्हतं हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदू भट्टीतली राख काढत होती. का काढत होती हे तिला सांगता आलं नसतं; मोडायच्या भट्टीतली राख कोण काढतं? तेवढ्यात कमळ आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली खांडसरी होती, कुठून उसनी आणली कोण जाणे, आणि मैदा, आणि वाटीभर तूप. कालची पोरांनी खाऊन टाकली, ती म्हणाली, होडी परवा सुटायची आहे, तेव्हा माझी मला करून दे. गोदूनं सांगितलं, दादू माणसं घेऊन येतो आहे.

"तापलेली भट्टी कोन मोडतंय," कमळ म्हणाली. "पेटव तू."

खरंच की. गोदूच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. एका घराच्या एका पत्र्यासाठी कुणी भट्टी पेटवत नाही, लाकडांचा नुसता सत्यानाश. पण तिनं पेटवली. दादू पहारी घेतलेले दोन गडी घेऊन आला तेव्हा विटांना हात लागत नव्हता. गड्यांनी घुमटावर पाणी मारून बघितलं, वाफेनं मागं सरले आणि ही दोन दिवस निवायची नाही म्हणून बिड्या पेटवून बसले. दादू चिडला, मग कमळला काही बोलायला गेला, पण तिचा नवरा ज्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता तिचीच मासळी दादू उचलायचा, तेव्हा तो नुसता घसा खाकरून थांबला. खांडसरीचा पत्रा उतरत्या आगीला गेला आणि तांबूस होऊन बाहेर आला. कमळनं एक दाबून बघितली. तुटली नाही.

भट्टीचा धूर गावभर दिसतो. दुपारी एक बाई आली, डोळे चुकवत, फडक्यात साखर घेऊन. दिवाळी तोंडावर आली होती आणि अलिबागला जाऊन भाजून आणायचं तर एसटीत अर्धा दिवस जाणार. पण या खेपेला ती साखर ठेवून गेली नाही. माझी माझ्यासमोर मळ, म्हणाली, आणि ओट्यावर बसली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघी बसल्या. दुसऱ्या दिवशीही भट्टी निवली नाही. गोदू मळत होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्या बोटांवर होते. कुणाची साखर जाडी राहिली तर तशीच राहिली, कुणाची नानकटाई पसरली तर पसरली, तिनं एक शब्द काढला नाही. तिचे हात शिवशिवत होते. दळून देऊ का, एवढं विचारायलासुद्धा जीभ उचलेना.

येसूबाई सगळ्यांत शेवटी आली. जावई दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि घरात डबा रिकामा होता. तिनं रेशनची साधी साखर आणली होती, या वेळी स्वतः दळलेली. घरून पाट आणला होता, तो तिनं भट्टीसमोर मांडला आणि पत्रा निघेपर्यंत त्यावर ताठ बसून राहिली. नानकटाई बरी निघाली. फार चांगली नाही, बरी. येसूबाईनं एकेक मोजून डब्यात भरली आणि हसलीबिसली नाही. कुंपणापाशी दादू होता. त्याच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, की राहू दे भट्टी, पण आम्ही समोर बसणार. हसत गेलं घर असं काही म्हणता आलं नसतं, पण येसूबाईनं राहू दे म्हटल्यावर दादूनं मोडू म्हणणं शक्य नव्हतं. त्यानं बर्फाची वखार पुढे बंदरालगत घातली.

भट्टी गोदूला मिळाली ती अशी. तेव्हापासून दर दिवाळीला रेवदंड्यातल्या बायका आपापली साखर घेऊन भट्टीवर येऊ लागल्या आणि आपला पत्रा होईपर्यंत बसू लागल्या. बसल्या बसल्या गप्पा, गाऱ्हाणी, लग्नं जमवणं सगळं तिथं व्हायचं. नव्यानं सासरी आलेल्या मुलींना वाटायचं, काय छान रीत आहे, दिवाळीच्या निमित्तानं चार बायका एकत्र बसतात. गोदू कोपरापर्यंत पिठात हात घालून मळत असायची आणि तिला पक्कं ठाऊक असायचं की हा पहारा आहे. कुणी तिला आपली साखर पुन्हा चोळू दिली नाही. पुडी उघडली की बाईचं लक्ष गप्पांतून उडून तिच्या हातांकडे यायचं आणि पीठ मळून होईपर्यंत हलायचं नाही. बरीच वर्षं गेली, येसूबाईचा पाट तिची सून घेऊन येऊ लागली, तरी हे काही बदललं नाही.

फक्त कमळ कधी बसली नाही. ती सकाळी बाजाराला जाता जाता डोक्यावरची टोपली न उतरवता भट्टीवर यायची, खांडसरीचं फडकं गोदूच्या हातात द्यायची आणि मागं न बघता निघून जायची.